१४४१६ वर फोन आणि त्यानंतरचे आठ सेशन : आमचा अनुभव

खूप दिवस लिहू का नको चाललं होतं, पण अशाच घरात राहणारं कुणीतरी हे शोधत असेल म्हणून लिहितेय. आम्ही सांगलीचे. आण्णा, म्हणजे माझे वडील, रिटायर होऊन चार वर्षं झाली, बाहेर सगळे त्यांना देवमाणूस म्हणतात आणि घरात मात्र जमदग्नी. मार नाही कधी, पण तोंडातून जे निघतं ते आईने पस्तीस वर्षं ऐकलंय, तिच्या माहेरावरून, तिच्या अकलेवरून, दिसण्यावरून. मी घरून काम करते, मीटिंग असली की माझं बोट कायम म्यूटवर. गेल्या ऑगस्टमध्ये आमटीत मीठ कमी म्हणून ताट भिंतीवर गेलं. कॅलेंडरवर आमटी उडाली, आईने पुसली, पण पान उलटलं तर सप्टेंबरवरही तोच पिवळा डाग झिरपलेला. तो बघून मला पहिल्यांदा वाटलं की आता बास.

त्या रात्री साडेअकराला गच्चीवर जाऊन १४४१६ ला फोन केला. ही टेलिमानस, सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास आणि फुकट. भाषा निवडता येते, मी मराठी घेतली. मला वाटलं होतं की हे वेड लागलेल्या माणसांसाठी असतं आणि आपल्याला म्हणतील पेशंटलाच फोन द्या, पण तसं काही नाही झालं. पलीकडच्या ताईंनी आधी विचारलं की आत्ता तुम्ही आणि आई सुरक्षित आहात का, हात उचललाय का कधी, मग मला बोलू दिलं. मी निम्मा वेळ रडतच होते, त्यांनी अजिबात घाई केली नाही. शेवटी म्हणाल्या, आईला घेऊन समोरासमोर कुणाशी तरी नीट बोला. या सेवेला माझ्याकडून पाचपैकी पाच.

आता समुपदेशन केंद्राबद्दल. नाव लिहीत नाही, आमच्या घरची गोष्ट आहे आणि गाव लहान. त्याआधी एकीकडे गेलो होतो तिथे आईलाच सांगितलं की पुरुषमाणसाचा स्वभाव असतो, तुम्ही जरा समजून घ्या, त्यानंतर आई दोन महिने कुठे यायलाच तयार नव्हती. असं कुणी बोललं तर सरळ उठून या. हे दुसरं केंद्र चांगलं निघालं. फी ८०० रुपये, पन्नास मिनिटं म्हणतात पण आधीचं सेशन लांबलं की आपल्याला चाळीसच मिळतात. रिसेप्शनवर नाव आणि कशासाठी आलात ते सगळ्यांसमोर मोठ्याने विचारतात, आईची मान खाली गेली, ते मला अजिबात आवडलं नाही. हे समुपदेशन करणाऱ्या मॅडमना सांगितलं तर पुढच्या वेळेपासून आत बसवलं. तरी स्टार एक कमीच.

मॅडमनी आधी विचारलं की हे कधीपासून आहे. म्हातारपणात एकदम नवीन राग सुरू झाला तर तपासण्या करायला हव्यात म्हणे, मेंदूचा काहीतरी आजारही असू शकतो. आमचं तर माझ्या लहानपणापासूनच. मग विचारलं, दूधवाल्यावर ओरडतात का? पेन्शनच्या लाइनीत ओरडतात का? आई म्हणाली नाही हो, तिथे किती गोड बोलतात. बोलता बोलता तीच थांबली. माझ्या लक्षात आलं की तिने हा विचार कधी केलाच नव्हता, की ज्याला बाहेर आवरता येतं त्याला घरातही आवरता येईल.

मग वही लिहायला सांगितली. तारीख, वेळ, आधी काय झालं, काय बोलले, आम्ही काय केलं. सहा आठवडे मी लिहिलं. सत्तावीस वेळा झालं, त्यातले वीस वेळा संध्याकाळी सात ते नऊमध्ये, आणि जेवणात खोट फक्त तीनदा होती. भाजी चांगली झाली त्या दिवशीही टीव्हीच्या रिमोटवरून झालंच. ही वही आईने स्वतः दोनदा वाचली. आण्णांची चाहूल लागली की ती आमटी चमच्याने परत परत चाखून बघायची, ते त्यानंतर हळूहळू बंद झालं. ८०० रुपयांत मला हे एकच मिळालं असतं तरी चाललं असतं.

बाकी सांगितलं ते असं, की राग चढलेला असताना खुलासे द्यायचे नाहीत, रडून विनवायचं नाही, तेव्हा त्यांच्या कानात काहीच शिरत नाही. शांत असताना आधीच सांगून ठेवायचं की शिव्या सुरू झाल्या की आम्ही खोलीतून जाणार आणि वीस मिनिटांनी येणार, आणि खरंच जायचं. आधारकार्ड, पासबुक, आईच्या बीपीच्या गोळ्या एका पिशवीत मावशीकडे ठेवल्यात. आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात अपमान करणं, घालूनपाडून बोलणं हाही छळच धरलाय, मार बसायलाच हवा असं नाही, बायकोच नाही तर मुलगीही संरक्षण अधिकाऱ्यांकडे जाऊ शकते, १८१ या महिला हेल्पलाइनवर फोन करता येतो, हे मला मॅडमनीच सांगितलं. आम्ही तक्रार केलेली नाही, पण दार कुठे आहे ते माहीत झालं.

आण्णा एकदाही आले नाहीत. मी काय वेडा आहे का, हे एवढंच. त्यांचा राग कमी झालाय असं मी म्हणणार नाही, ज्यांना माणूस बदलून हवाय त्यांनी ही अपेक्षा ठेवून जाऊ नका.

गेल्या गुरुवारी कणीक मळताना सुरू झालं, तुझ्या बापाने काय शिकवलं वगैरे. आईने गॅस बंद केला, हात धुतले, चप्पल घातली आणि मारुतीच्या देवळात जाऊन बसली, मी पण गेले. परत आलो तर ते टीव्हीसमोर गप्प बसलेले. आईने राहिलेल्या पोळ्या केल्या, त्यांचं ताट झाकून ठेवलं आणि स्वतःचं वाढून घेऊन माझ्याशेजारी जेवायला बसली, त्यांच्या आधी.