तांडापेठेतल्या मागावरची करवतकाठी

करवतकाठी, म्हणजे काठावर करवतीसारखे दाते असलेली साडी, घरी येऊन दोन महिने झाले. तीनदा नेसली, एकदा धुतली, आता लिहायला हरकत नाही.

नागपूरच्या तांडापेठेतल्या एका गल्लीत ती विणणाऱ्यांचं घर आहे. बाहेर पाटी नाही. पुढच्या खोलीत खिडकीला लागून खड्डा-माग. काका खड्ड्यात पाय सोडून विणतात, काकू शेजारी बसून आडवा धागा नेणारा धोटा परत देतात, आजी दाराशी धोट्यात घालायच्या सुताच्या कांड्या भरतात. "बसा जी, चहा होऊन राहिला," म्हणाल्या.

साडीचं अंग टसर रेशमाचं, काठ सुती, मरून. विणताना तीन धोटे चालतात, दोन काठांचे दोन आणि अंगाचा एक. दर ओळीला काठाचा आणि अंगाचा धागा एकमेकांत अडकवायचा, मग फणी ठोकायची. त्यातूनच करवतीचे दाते उमटतात. खरी करवतकाठी ओळखायची असेल तर साडी उलटी करा. मागेही दाते तसेच रेखीव हवेत, आणि काठात अंगाचा धागा शिरलेला नसल्यामुळे काठाचा रंग गडद हवा. याआधी एका मोठ्या दुकानानं हातमागाची म्हणून मला पॉवरलूमची साडी दिली. घरी येऊन उलटी केली तर दात्यांमागे कापलेल्या धाग्यांची नुसती लव, आणि काठ टसरच्या पिवळट धाग्यानं फिका. त्याचा राग अजून गेलेला नाही.

आम्हीही मूळचे कोष्टी, म्हणजे विणकरच. पणजोबांचे वडील रेशीमकाठी लुगडी विणायचे. १८५४ मध्ये नागपूरकर भोसल्यांचं राज्य खालसा झालं, दरबारचं गिऱ्हाईक गेलं. १८६७ ला रेल्वे आली, विलायती कापड स्वस्तात येऊ लागलं. १ जानेवारी १८७७ ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. जाडंभरडं विणणाऱ्यांचे माग आधी बसले. आमचा तगला तो काठामुळे, सूत मात्र मिलचं येऊ लागलं.

घरात आजही विणकर म्हणून पणजोबांच्या वडिलांचं एकट्याचंच नाव सांगतात. पण ऊन चढायच्या आत गल्लीत ताणा, म्हणजे उभे धागे, पसरून खळ लावायला सगळं घर लागायचं, आणि कांड्या बायकाच भरायच्या. माझ्या आजीनं तिच्या आजेसासूला पाहिलं होतं. म्हातारपणीही त्यांच्या तर्जनीवर सुतानं पडलेली खाच होती म्हणे.

म्हणून मी इथल्या आजींचा हात मागून बघितला. तर्जनीच्या पेरावर आडवी, गुळगुळीत खाच. कांड्यांचे किती मिळतात विचारलं, तर काका म्हणाले, "घरचंच काम आहे जी." मला हे पटलं नाही, तिथंच सांगितलं. साडीचे नऊ हजार आठशे घेतले, ते मला महाग वाटले नाहीत. दिवसाला हात-दीड हात विणून होते, आणि ती तिघं मिळून विणतात. पावतीवर तिघांची नावं हवीत.

तक्रार दोन गोष्टींची. तीन आठवडे सांगून पाच लावले. पावसात खळ वाळेना, हे खरं, पण फोन करायला हवा होता. आणि पहिल्या धुण्यात मरून रंग थोडा सुटला, तेव्हा पहिल्यांदा वेगळीच धुवा.

सकाळी दहाच्या आत गेलात तर तिघंही मागावर भेटतील.