'वुई बिड' की 'वुई प्लेस्ड अ बिड'?

सांगलीच्या मार्केट यार्डातील अडत दुकानांतून परप्रांतीय खरेदीदारांशी इंग्रजीत पत्रव्यवहार करावा लागतो, आणि हळदीच्या सौद्यात लावलेली बोली कळवताना 'बिड' हे क्रियापद वापरावे की 'प्लेस अ बिड' हा लांब प्रयोग, असा प्रश्न नव्या कारकुनाला पडतो. व्याकरणाच्या दृष्टीने दोन्ही निर्दोष आहेत. मी स्वतः बरीच वर्षे पहिलाच वापरला, कारण तो आटोपशीर आहे.

अडचण आहे ती भूतकाळाची. बोली लावणे या अर्थी 'बिड'चे रूप वर्तमानातही 'बिड' आणि भूतकाळातही 'बिड'च राहते. 'बिडेड' चूक, आणि 'बेड' हे रूप निरोप घेणे किंवा आज्ञा करणे या अर्थांसाठी राखीव. (जुन्या इंग्रजीतील 'विनवणे' आणि 'देऊ करणे' या अर्थांची दोन क्रियापदे पुढे एकमेकांत मिसळली, त्याचा हा घोळ.) एका हंगामात राजापुरी हळदीच्या एका लॉटवर आदल्या दिवशी लावलेली आणि हुकलेली बोली मी 'वुई बिड' अशी कळवली, खरेदीदाराने ती आजची तयारी समजून त्याच भावाला मंजुरी धाडली, आणि माल तर केव्हाच दुसऱ्याच्या गाडीत चढला होता. खुलासे करण्यात अख्खी दुपार गेली. 'यस्टर्डे' लिहिले असते तर भागले असते, असे कोणी म्हणेल आणि ते खरेही आहे. पण घाईत तो शब्द गळतो, 'प्लेस्ड'मधला काळ मात्र गळत नाही.

'फॉर' आणि 'ऑन' यांचा प्रश्न दोन्ही प्रयोगांत सारखाच उरतो. मराठीत आपण मालावर बोली लावतो, म्हणून 'ऑन' आधी सुचते आणि लिलावातील लॉटपुरते ते चालतेही. मात्र रक्कम सांगायची असल्यास 'अ बिड ऑफ' अमुक रुपये 'फॉर द लॉट' अशी रचना मला अधिक सुरक्षित वाटते. निविदेसाठी 'प्लेस्ड'ऐवजी 'सबमिटेड' शोभते.

क्रियापदाला अगदीच रजा द्यावी, असे मात्र मी म्हणणार नाही. चढाओढीने भाव वाढवला गेला हे सांगण्यास 'बिड अप' आणि आपल्यावर कोणी वरचढ बोली लावली हे सांगण्यास 'वुई वेअर आउटबिड' यांना तोड नाही. त्या दिवशीच्या पत्रात खरे तर हे दुसरे वाक्यच हवे होते.