बार्देशातल्या जुन्या घरातला स्टुडिओ : विद्यार्थ्यांच्या पहिल्या जॅझ ईपीच्या निमित्ताने

विद्यार्थ्यांच्या जॅझ बँडला पहिली ईपी, म्हणजे मोजक्या रचनांचा छोटा संच, करायची असेल, तर या स्टुडिओत पैसे कोठे खर्च करावेत आणि कोठे हात आखडता घ्यावा, या प्रश्नाभोवती हे परीक्षण आहे. आमच्या महाविद्यालयाचा बँड पाच जणांचा आहे : आल्टो सॅक्सोफोन, ट्रम्पेट, पियानो, बास आणि ड्रम्स. मी वाजवणाऱ्यांपैकी नाही. मुलांबरोबर जाणारा, वेळापत्रक आखणारा आणि पावत्या सांभाळणारा शिक्षक आहे. माझा कान फोंड्याकडच्या भजनांत आणि नाटकांच्या तालमींत हार्मोनियमवर घडलेला असल्याने जॅझच्या बारकाव्यांबद्दल माझे मत कोणी अखेरचे मानू नये; मात्र सूर चढला की उतरला, आणि पाच माणसे एकत्र वाजवत आहेत की एकमेकांच्या शेजारी बसून वाजवत आहेत, एवढे मला कळते.

स्टुडिओ गोव्यातील बार्देश तालुक्यात, एका जुन्या चिरेबंदी घरात आहे. घराची मोठी साल, म्हणजे दिवाणखाना, हीच ध्वनिमुद्रणाची खोली, आणि तिला लागून असलेल्या खोलीत भिंत फोडून बसवलेल्या दुहेरी काचेमागे ध्वनिमुद्रकाची जागा. लाकडी तक्तपोशी, उंच छत आणि जाड भिंती यांमुळे सालीत आवाज भरून येतो, पण घुमत राहत नाही. अमेरिकेत रूडी व्हॅन गेल्डर यांनी १९५९ पर्यंत न्यू जर्सीतील हॅकेनसॅक येथे आपल्या आईवडिलांच्या दिवाणखान्यात असेच काम केले आणि जॅझच्या कितीतरी नामवंत तबकड्या त्या दिवाणखान्यातून बाहेर पडल्या. तेव्हा राहत्या घरातला स्टुडिओ म्हणजे दुय्यम दर्जाचा, असे समजून कोणी नाक मुरडू नये. पाचही वाद्ये एका खोलीत, एकमेकांच्या नजरेच्या टप्प्यात मावतात, हा या जागेचा सर्वांत मोठा गुण आहे आणि जॅझला त्याची गरज इतर कोणत्याही संगीतापेक्षा जास्त असते.

पाठीमागच्या अंगणाकडे तालमीची एक वेगळी खोली आहे. तिचे तासाचे भाडे मुख्य खोलीच्या पावपटीहून कमी पडते. आमच्या मते या स्टुडिओत सर्वाधिक वसूल होणारा पैसा हाच. ड्रम्सचा संच, बासचा अँप्लिफायर आणि कीबोर्ड तेथे मांडलेलेच असतात. भिंतीवर भलामोठा पांढरा फळा आहे. रचना जवळजवळ सगळ्या त्याच फळ्यासमोर तयार झाल्या. मुलांनी घरून आणलेले तुकडे म्हणजे कोठे आठ मात्रांची धून, कोठे नुसती कॉर्डची साखळी. मुखडा, मग आळीपाळीने एकेकाचे सोलो, पुन्हा मुखडा, हा जॅझचा रुळलेला साचा. पण कोणाचे सोलो किती आवर्तनांचे, ड्रम्सने कोठे थांबायचे आणि शेवट कसा करायचा, हे वाजवून पाहिल्याशिवाय ठरत नाही. त्यातच ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन यांचे कागद पियानोपेक्षा वेगळे लिहावे लागतात : पियानोवर सी वाजतो तेव्हा आल्टो सॅक्सोफोनच्या कागदावर ए असतो आणि ट्रम्पेटच्या कागदावर डी. ही जुळवाजुळव मुख्य खोलीत, मीटर चालू असताना करणे म्हणजे रिक्षा थांबवून पत्ता शोधण्यासारखे आहे. तालमीच्या खोलीत प्रत्येक रचना सलग दोनदा न अडखळता वाजेपर्यंत मुख्य खोली आरक्षित करू नये, असा सल्ला स्टुडिओच्या मालकांनीच आम्हाला दिला. स्वतःचा धंदा कमी करणारा सल्ला देणारे लोक विरळा, म्हणून त्याची नोंद करतो.

एका इंग्रजी स्टँडर्डची, म्हणजे जॅझवाले पिढ्यान्‌पिढ्या वाजवत आलेल्या गाण्याची, आमची आवृत्तीही घ्यावी, अशी मुलांची इच्छा होती. मालकांनी कायद्याची बाजू समजावून सांगितली. प्रताधिकार कायद्याच्या ३१सी या कलमानुसार कव्हर आवृत्ती करायची तर मूळ ध्वनिमुद्रण ज्या वर्षी निघाले ते वर्ष संपल्यानंतर पाच वर्षे उलटलेली असावी लागतात, आधी सूचना द्यावी लागते, आणि साधारण नियम असा की, दर रचनेमागे दर वर्षी किमान ५०,००० प्रतींचे स्वामित्वशुल्क भरावे लागते. हा आकडा ऐकून मुलांनी तो बेत मुकाट्याने गुंडाळला. चारही रचना स्वतःच्याच ठेवल्या, हे माझ्या दृष्टीने उत्तम झाले. बहुतेक स्ट्रीमिंग सेवा चार ते सहा रचनांचा आणि ३० मिनिटांच्या आतला संच ईपी म्हणून धरतात. आमचा त्यात सहज बसतो.

आता ध्वनिमुद्रकाबद्दल. हे गृहस्थ बार्देशातलेच, घरात चर्चच्या वाद्यवृंदाची परंपरा, आणि बोलणे मोजके. पहिल्या सत्रात मुले हेडफोन लावून, प्रत्येक जण आपापल्या आवाजात गढून वाजवत होती. टेकमध्ये, म्हणजे एका दमात मुद्रित केलेल्या वादनात, चूक नव्हती आणि जीवही नव्हता. त्यांनी काचेमागून बोलायचे बटण दाबले आणि एवढेच म्हणाले, “हेडफोन काडात, एकामेकांक आयकात.” मग स्वतः आत येऊन त्यांनी बासचा अँप्लिफायर ड्रम्सच्या बाजूला वळवला, ट्रम्पेटवाल्याला दोन पावले मागे सरकवले, आणि मेट्रोनोमचा क्लिक बंद केला. त्यानंतर एका वाद्याचा आवाज दुसऱ्याच्या माइकमध्ये थोडाफार उतरत राहिला. नंतर ट्रम्पेटची एखादी चुकलेली टीप वेगळी काढून दुरुस्त करण्याची सोय त्यामुळे गेली. चुकले तर सगळ्यांनी पुन्हा वाजवायचे. मुलांना आधी हे जाचक वाटले, पण दुसऱ्या रचनेपासून ड्रम्सवाली मुलगी सॅक्सोफोनच्या वाक्याला उत्तर देऊ लागली, तेव्हा कोणालाच हेडफोनची आठवण राहिली नाही.

त्यांच्या कामातली मला सर्वांत आवडलेली गोष्ट घुमटाशी संबंधित आहे. आमच्या एका रचनेची सुरुवात दुल्पोद या गोव्याच्या गीतप्रकारासारख्या सहा-आठच्या चालीवर होते आणि मध्यावर ती चारच्या स्विंगमध्ये शिरते. सुरुवातीला ड्रम्सऐवजी घुमट आहे. घुमट म्हणजे दोन तोंडांचे मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर चामडे ताणलेले, आणि मागचे लहान तोंड डाव्या हाताने उघडझाप करून आवाज जाड-बारीक करायचा. (पूर्वी घोरपडीचे कातडे वापरत, वन्यजीव कायद्यामुळे आता बकरीचे असते.) बहुतेक ध्वनिमुद्रक चामड्यासमोर एकच माइक लावून मोकळे होतात, आणि मग घुमटाची ओळख असलेला खालचा ‘घुम्’ गायब होतो, कारण तो मागच्या तोंडातून निघतो. यांनी दोन्ही तोंडांना एकेक माइक लावला. दोन्ही एकत्र ऐकले तर आवाज आणखी पातळ! थापेसरशी चामडे आत जाते, म्हणजे पुढच्या माइकपासून हवा दूर ओढली जाते, आणि त्याच क्षणी मागच्या तोंडातून हवा बाहेर ढकलली जाते. दोन लहरी एकमेकींना खोडतात. त्यांनी एका माइकची ध्रुवता उलट करणारे बटण दाबले आणि सालीतल्या खुर्चीखाली कोणी भोपळा ठेवावा तसा आवाज भरून आला. गोव्यात राहून घुमट आयुष्यभर ऐकलेल्या मलाही तो इतका जवळून कधी ऐकू आला नव्हता. २०१९ मध्ये राज्याने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला. त्याचे ध्वनिमुद्रण नीट करणारी माणसे असणे ही त्यापुढची गरज आहे.

उणिवाही आहेत, आणि त्या पैशांत मोजता येतात. पहिली पियानोची. तेथला अपराइट पियानो चांगल्या जातीचा आहे, पण गोव्याची दमट हवा त्याला मानवत नाही. पावसाळ्यात लाकडी ध्वनिफलक ओलावा शोषून फुगतो आणि सूर चढतो. हवा कोरडी पडली की उतरतो. आम्ही गेलो तेव्हा मधल्या सप्तकातले काही सूर ४४० हर्ट्झच्या प्रमाण मापापेक्षा स्पष्टपणे चढे होते. सूर लावणारा कारागीर बोलवावा लागला आणि त्याचे मानधन बिलात वेगळे आले. ध्वनिमुद्रणाच्या आदल्या दिवशी पियानो सुरात असणे ही स्टुडिओची जबाबदारी धरली पाहिजे, असे माझे स्पष्ट मत आहे. मालकांना ते मी तोंडावर सांगितले आहे.

दुसरी वातानुकूलनाची. यंत्राची घरघर माइकमध्ये येते म्हणून टेकच्या वेळी ते बंद करतात. खोली तापली की सॅक्सोफोन आणि ट्रम्पेट चढू लागतात, कारण हवा जितकी गरम तितका ध्वनीचा वेग अधिक, दर अंश सेल्सिअसमागे सेकंदाला सुमारे ०.६ मीटर, पियानो मात्र जागचा हलत नाही. पहिल्या टेकच्या शेवटी सॅक्सोफोन पियानोच्या वर तरंगत होता. नंतर उपाय असा काढला की यंत्र अर्धा तास आधीच बंद करायचे, तापलेल्या खोलीतच सूर जुळवायचे, आणि सॅक्सोफोनचे माउथपीस कॉर्कवर किंचित बाहेर ओढून ठेवायचे. मुले घामाघूम झाली, पण सूर राहिला. दूरच्या खोलीत यंत्र ठेवून नळीने हवा आणण्याची सोय या घरात करणे अवघड नसावे.

तिसरी छपराची. मंगळुरी कौलांवर पाऊस कोसळू लागला की काम थांबते, आणि त्या वेळेचे अर्धे भाडे लागते. ही अट दरपत्रकात लिहिलेली आहे, त्यामुळे तक्रार करण्यात अर्थ नाही. जून ते सप्टेंबरमध्ये येथे ध्वनिमुद्रण ठेवू नये, एवढाच त्याचा निष्कर्ष. तालमीला मात्र हेच महिने उत्तम, खोली हवी तेव्हा मिळते.

मिक्सिंगबद्दल, म्हणजे सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र जुळवण्याच्या कामाबद्दल, माझे समाधान अर्धवट आहे. पहिल्या मिक्समध्ये ड्रम्स इतके दाबून पुढे आणले होते आणि ट्रम्पेटवर इतकी कृत्रिम घुमार चढवली होती की, सिनेमातल्या गाण्यासारखे काहीतरी तयार झाले होते. जी साल आम्हाला आवडली होती तीच नाहीशी झालेली. आम्ही चार ओळींचे लेखी म्हणणे पाठवले : खोलीतला आवाज ठेवावा, सिंबलची धार कमी करावी, बासची बोटे ऐकू यावीत, हळू आणि मोठ्या जागांतला फरक सपाट करू नये. दुसरा मिक्स जवळपास जसा हवा तसा आला. दोन फेऱ्या ठरलेल्या दरात येतात, तिसऱ्या फेरीपासून तासाने पैसे. म्हणून पहिली फेरी ऐकताना गाडीत, हेडफोनवर आणि महाविद्यालयाच्या सभागृहात, अशा तिन्ही ठिकाणी ऐकून एकदाच सगळे कळवावे. मास्टरिंग, म्हणजे मिक्सवरचा शेवटचा हात, बाहेरून करून घेतात. आवाज मोठा करून मागण्याचा मोह मुलांना झाला होता. स्पॉटिफाय साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (आवाजाचा मोठेपणा मोजण्याचे एकक) पातळीवर सगळे सारखे करते, त्यामुळे दाबून मोठा केलेला आवाज तेथे पुन्हा खालीच आणला जातो, हे ध्वनिमुद्रकाने समजावल्यावर तो विषय मिटला.

हळदोणे येथून काही मैलांवर हे सगळे घडत होते, ही गोष्ट मनातून जात नाही. चिक चॉकलेट या नावाने मुंबई गाजवणारे ट्रम्पेटवादक आंतोनियो झेवियर वाझ हळदोण्याचे. त्यांच्या पिढीतल्या गोव्याच्या वादकांनी चर्चच्या शाळेत सोल्फेजिओ (पाश्चात्त्य स्वरवाचन) शिकून मुंबईची हॉटेले आणि हिंदी चित्रपटांचे वाद्यवृंद उभे केले. स्वतःच्या रचना स्वतःच्या गावाजवळ ध्वनिमुद्रित करण्याची सोय त्यांना नव्हती. आमच्या ट्रम्पेटवाल्याला हे नाव ठाऊक नव्हते. आता आहे.

बाहेरगावाहून येणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. रस्ता अरुंद असल्याने ड्रम्स घेऊन मोठी गाडी आणू नये. संच तेथे आहेच, फक्त सिंबल आणि काठ्या आपल्या न्याव्यात. वीज जाते, पण यंत्रणा बॅटरीवर असल्याने टेक वाया जात नाही. डिसेंबर ते कार्निव्हाल या काळात तारखा मिळणे कठीण, नोव्हेंबरचा पहिला पंधरवडा सर्वांत बरा. सांगितलेल्या दरात १८ टक्के जीएसटी धरलेला नसतो, हे महाविद्यालयाच्या लेखा विभागाला आधीच कळवावे. आणि काम संपल्यावर मिक्स केलेल्या फायलींबरोबर प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या २४ बिट डब्ल्यूएव्ही फायलीही मागून घ्याव्यात. त्यांचे वेगळे पैसे पडत नाहीत, पण मागितल्याशिवाय त्या दिल्या जात नाहीत.