स्मृतिभ्रंश आणि ‘आजीवन वैध’ मुखत्यारपत्र: पैसे कुठे वाया जातात, कुठे कामी येतात

मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या कोर्टाबाहेर टेबल मांडून बसलेल्या टंकलेखकाला ‘आईला आता काही आठवत नाही, बँकेचं मला बघायचंय’ एवढं सांगा. एकच माल समोर येतो: ५०० रुपयांच्या बाँडवर छापलेलं, नोटरीचा शिक्का मारलेलं कुलमुखत्यारपत्र, म्हणजे आपल्या वतीने व्यवहार करायचा अधिकार दुसऱ्याला देणारा कागद. तासाभरात हातात. हेच हल्ली ऑनलाइन पॅकेज म्हणूनही मिळतं आणि त्यावर कधी कधी ‘आजीवन वैध’ असंही लिहिलेलं असतं. ते खोटं आहे.

भारतीय करार कायदा, १८७२ चं कलम २०१ सांगतं की मुखत्यारी देणाऱ्याचं भान गेलं की मुखत्यारी आपोआप संपते. ‘मी अक्षम झाल्यावरही हे पत्र लागू राहील’ असं वाक्य मसुद्यात घालून घेतात, पण तसं मुखत्यारपत्र टिकवणारा कायदाच आपल्याकडे नाही. बँकेला आजार माहीत नसेल तोवर काउंटरवर काम होऊनही जातं. तुम्हाला मात्र माहीत असतं. उद्या बहिणीने हिशोब मागितला तर उत्तर तुम्हालाच द्यायचंय. जमिनीच्या दस्तासाठी तर दुय्यम निबंधकासमोर केलेलंच मुखत्यारपत्र लागतं. नोटरीच्या कागदाला पाचपैकी एक गुण, तोही टंकलेखनाचा.

निदान नुकतंच झालं असेल तर खरी कामाची सेवा नोंदणी विभागाची आहे: गृहभेट. नोंदणी कायदा, १९०८ च्या कलम ३१ आणि ३८ मुळे आजारी माणसाच्या घरी येऊन मुखत्यारपत्राचा दस्त नोंदवता येतो. निदान झालं म्हणजे सही बाद, असं नाही. करार कायद्याच्या कलम १२ प्रमाणे सही करताना समज शाबूत असली की पुरतं. पण ती दिसली पाहिजे. निबंधक नाव विचारतात, कागद कशाचा आहे, कुणाला अधिकार देताय ते विचारतात. समोरच्याला कळत नाहीये असं वाटलं तर कलम ३५ खाली नोंदणी नाकारणं त्यांना भागच आहे. अशा वेळी लेक-सून शेजारी बसून उत्तरं पुरवतात आणि तिथेच काम बिघडतं. आईला उत्तर देऊ द्या, उशीर लागला तरी. वेळ सकाळचीच मागा. या आजारात संध्याकाळी गोंधळ वाढतो. शेतात राबलेल्या बोटांचे ठसे यंत्र पटकन घेत नाही, तेव्हा आदल्या रात्री हाताला तेल चोळून सकाळी कोमट पाण्याने बोटं स्वच्छ पुसून ठेवा.

त्याच दिवसाचं मेंदूविकार किंवा मानसोपचार तज्ज्ञाचं प्रमाणपत्र जोडा. नुसतं ‘प्रकृती ठीक’ नको. ‘दस्ताचा मजकूर समजावून सांगितला, रुग्णाला तो समजला’ असं वाक्य हवं. या सेवेला पाचपैकी चार गुण. तरी लक्षात ठेवा, भान पूर्ण गेलं की हेही मुखत्यारपत्र संपतं. म्हणून त्याच आठवड्यात खातं ‘दोघांपैकी कोणीही’ पद्धतीचं करा, लॉकर संयुक्त करा, खात्यांवर नॉमिनीची नावं भरा. घाईने बक्षीसपत्र करून घेणारेही असतात. पुढे भाऊबंदकीत पहिला वार त्याच कागदावर होतो.

वेळ निघून गेली असेल तर? १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात जिल्हा न्यायालयाकडून मालमत्तेचा व्यवस्थापक नेमून घेता यायचा. २०१७ च्या कायद्याने ती सोय काढून टाकली. नव्या कायद्यातला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ फक्त उपचारांपुरता, बँकेत त्याचा उपयोग नाही. १८९० चा पालक कायदा अल्पवयीनांसाठी आणि वारस प्रमाणपत्र मेलेल्या माणसाचं. हे दोन्ही अर्ज ‘करून बघू’ म्हणत दाखल करणारे वकील भेटतील, फी वाया. खरा रस्ता म्हणजे राज्यघटनेच्या अनुच्छेद २२६ खाली उच्च न्यायालयात रिट याचिका: आईसाठी पालक नेमून द्या, अशी मागणी करणारी. मराठवाड्याच्या आठही जिल्ह्यांना त्यासाठी मुंबई उच्च न्यायालयाचं छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ आहे. याला गुण काय द्यायचे? दुसरं दुकानच नाही.

याचिकेची ताकद वकिलाच्या भाषणात नसते, परिशिष्टात असते. सगळ्या वारसांची संमतीची शपथपत्रं लावा; सासरी गेलेल्या बहिणीचं राहिलं की तारीख पुढे गेलीच. न्यायालय साधारणपणे सरकारी रुग्णालयातल्या डॉक्टरांच्या मंडळाकडून तपासणी मागतं आणि महसूल अधिकाऱ्याचा अहवालही मागू शकतं. संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयातले, अंबाजोगाईचे, लातूरचे किंवा नांदेडचे जुने केसपेपर, एमआरआय, औषधांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावून ठेवा. केरळ उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये घालून दिलेल्या चौकटीत पालकाने दर सहा महिन्यांनी हिशोब सादर करायचा आहे. तशी अट येईल असं धरून पहिल्या दिवसापासून पावत्या ठेवा.

सगळ्यात जास्त घोळ मालमत्तेच्या यादीत होतो. आदेशात ज्या खात्याचा उल्लेख नाही त्याला बँक हात लावू देत नाही. शाखा, खाते क्रमांक, ठेवी, पोस्ट, विमा, पेन्शन, गट क्रमांक, पीककर्ज, सगळं मागणीत हवं. पीककर्ज तर हमखास सुटतं आणि नूतनीकरणाची सही अडल्याने खातं थकबाकीत जातं. जमीन विकायची परवानगी वेगळी आणि स्पष्ट शब्दांत मागावी लागते. सात-बारावर वर्ग-२ (विक्रीवर सरकारी निर्बंध असलेली जमीन) किंवा मदतमाश इनाम (निजामकाळातली इनाम जमीन) असेल तर खंडपीठाचा आदेश हातात असूनही महसूल खात्याची परवानगी सुटत नाही.

‘सही येत नाही ना, अंगठा घेऊ’ असं बँकेतला ओळखीचा माणूस सांगेल. दोन साक्षीदारांसमोर अंगठा घेण्याची सोय हात न चालणाऱ्यासाठी आहे, न कळणाऱ्यासाठी नाही. हयातीचा दाखला मात्र जीवन प्रमाणच्या चेहरा ओळखीवर घरबसल्या होतो, त्यासाठी कोर्टाची गरज नाही.

आणि पर्यायी पालकाचं नाव याचिकेतच मागून घ्या. नेमलेला मुलगाच आजारी पडला तर नाहीतर पुन्हा पहिल्यापासून.