तराफा टाकायचा की रीफ? शेवाळासाठी पैसे घालायच्या आधी

आमच्या वाडीतल्या बायकांचा बचत गट आणि मच्छीमार सोसायटी यांची मागे एकत्र बैठक झाली. विषय एकच, समुद्री शेवाळ. गटाला तराफ्यावरची शेती करायची होती, सोसायटीतल्या काही जणांना काँक्रीटचे ठोकळे समुद्रात टाकून कृत्रिम रीफ, म्हणजे तळाशी माशांना आसरा, करायची होती आणि दोन्ही बाजू आपल्या कामाला "शेवाळ प्रकल्प" म्हणत होत्या. घोळ तिथंच झाला. तेव्हापासून मी ह्या दोन्ही गोष्टी समोरासमोर ठेवून बघतोय, तुमच्या गावात पण हाच वाद चालू असेल तर उपयोग होईल म्हणून लिहितोय.

पहिली गोष्ट डोक्यात पक्की करा. तराफ्यावरचं शेवाळ हे पीक आहे, रीफवरचं शेवाळ हे पीक नाही. रीफवर जे उगवतं ते तुम्ही लावलेलं नसतं, कुठलं उगवेल ते तुमच्या हातात नसतं आणि ते खरवडून विकायला गेलात तर ज्या माशांसाठी रीफ केली त्यांचंच खाणं आणि लपायची जागा तुम्ही काढून घेताय.

रीफवर वाढ होते कशी ते बघा. नवीन काँक्रीट पाण्यात गेलं की काही दिवसांत त्याच्यावर बुळबुळीत थर येतो, जंतू आणि सूक्ष्म शेवाळाचा. ताजं काँक्रीट फार अल्कधर्मी असतं त्यामुळे सुरवातीला त्याच्यावर सगळंच धरत नाही, खारं पाणी लागून लागून ते निवतं. मग उजेड असेल तर हिरवं केसासारखं शेवाळ येतं, त्याच्या बरोबरीनं बारनॅकल, कालवं, शिनाणे जागा पकडायला लागतात, आणि नंतर स्पंज वगैरे. म्हणजे जागेसाठी मारामारी चालू असते, आणि उजेड कमी असला की ह्या मारामारीत शेवाळ हरतं आणि शिंपल्यावाले जिंकतात, कारण त्यांना ऊन लागत नाही, पाण्यातलं गाळून खातात. त्यात वरून समुद्री साळू (काटेरी गोळ्यासारखा प्राणी) आणि शेवाळ खाणारे मासे कोवळं कोवळं चरून टाकतात.

आणि कोकणात उजेड हाच सगळ्यात मोठा प्रश्न आहे. लोक व्हिडिओ बघतात, निळंशार पाणी, खाली केल्पचं जंगल, आणि म्हणतात आपल्याकडे पण असं होईल. केल्प हे थंड पाण्यातलं मोठं शेवाळ, ते आपल्याकडे होत नाही. आपल्याकडे सरगॅसम, उल्वा, कौलर्पा, पॅडिना, ग्रासिलारिया ही मंडळी, ती पण मुख्यतः खडपावर (किनाऱ्याच्या खडकांवर), पावसाळा संपल्यावर थंडीच्या दिवसांत जोर धरणारी. आपलं पाणी गढूळ, नद्या-खाड्यांचा गाळ, उधाणाला तळ ढवळतो. दहा-बारा मीटरवर ठोकळे टाकले तर तिथं शेवाळापेक्षा कालवंच जास्त दिसतील असं माझं मत आहे, आणि त्यात वाईट काही नाही, पण मग शेवाळाच्या नावानं पैसे मागू नका.

ह्याची परीक्षा फुकटात होते. एक गोल पत्र्याचं झाकण घ्या, वीतभर रुंदीचं, पांढरा रंग मारा, खाली वजन बांधा आणि दोरीवर हातहात अंतरानं गाठी मारा. भर दुपारी होडीच्या सावलीच्या बाजूनं सोडा आणि झाकण दिसेनासं झालं की गाठी मोजा. जेवढी खोली येईल तिच्या साधारण दुप्पट-अडीचपट खोलीपर्यंतच शेवाळ जगेल इतका उजेड पोचतो, त्याच्या खाली सोडून द्या. एकदा करून भागत नाही, भांगाच्या (कमी भरती-ओहोटीच्या) दिवसांत करा, उधाणाला करा, ऑक्टोबरात करा, फेब्रुवारीत करा. झाकण दीड मीटरवर गायब होत असेल तर सात मीटरवरच्या रीफवर शेवाळाची बाग होणार नाही हे काही न बुडवता कळलं.

तराफ्याला ही अडचण नाही कारण तो वरच तरंगतो. कप्पाफायकस नावाच्या शेवाळाची रूढ पद्धत अशी: ३ मीटर बाय ३ मीटरचा बांबूचा तराफा, त्याला २० दोऱ्या, प्रत्येक दोरीला १५० ग्रॅमचे २० तुकडे, म्हणजे ६० किलो बी. ४५ दिवसांनी चांगलं साधलं तर २०० ते २५० किलो ओलं मिळतं. त्यातलं ६० किलो पुढच्या लागवडीला परत बांधायचं. राहिलेलं वाळवलं की साधारण एक दशांश उरतं. म्हणजे एका तराफ्याचे दीड महिन्याला १४ ते १९ किलो सुकं, हाच आकडा धरा आणि खरेदीदार जो भाव देईल त्यानं गुणा, २५० किलोनं गुणू नका, बैठकीत बऱ्याच जणांनी तेच केलं होतं आणि मग आकडे बघून सगळे खूष. ह्या शेवाळातून कॅरॅजिनन नावाचा घट्टपणा आणणारा पदार्थ निघतो, तो आइस्क्रीमला टूथपेस्टला जातो. ओलं असताना पिळून रस काढता येतो, तो पिकांवर फवारतात, आणि आपल्याकडे आंबा-काजूवाले शेजारीच आहेत, त्यामुळे मला रसाचा मार्ग सुक्यापेक्षा जास्त जवळचा वाटतो.

आता पावसाळा. इथं तराफा मार खातो. कप्पाफायकसला खारं पाणी लागतं, खाडीच्या तोंडाशी जूनमध्ये गोडं पाणी उतरलं की ते फिकट पडतं, पांढरं होऊन तुटतं. लाटांचा मार वेगळाच, जून-जुलैमध्ये आपण होड्या किनाऱ्यावर ओढून झापांनी झाकतो तिथं बांबूचा तराफा काय टिकणार. म्हणजे हंगाम ऑक्टोबर ते मे, त्यात सगळं नीट झालं तर चार-पाच कापण्या. आणि सगळ्यात अवघड प्रश्न हा की नारळी पौर्णिमेनंतर बी आणायचं कुठून? बी पावसाळाभर जिवंत ठेवायला एकतर टाकी पाहिजे नाहीतर दुसरीकडून आणायचं. जो कोणी तुम्हाला प्रकल्प विकायला येईल त्याला हा प्रश्न पहिला विचारा. बैठकीत मी विचारला तर उत्तर आलं "बघू तेव्हा".

रीफ मात्र पावसाळ्यात खाली पडून असते, तिला रोज जाऊन बघावं लागत नाही. तराफ्याला आठवड्यातून दोन-तीनदा तरी पाण्यात उतरायला लागतं, दोरीवरची घाण झटकायची, सुटलेले तुकडे बांधायचे, खालची जाळी फाटली का बघायची, नाहीतर मासे खाऊन मोकळे. आमच्या गटातल्या बायका सुकतीला (ओहोटीला) कालवं काढायला जातातच, त्यामुळे कमरेएवढ्या पाण्यातलं काम त्यांना नवीन नाही, पण ते काम त्याच वेळेला येतं हे पण बघा.

एक धोका मी जरा जोरात सांगतो. कप्पाफायकस आपलं नाही, भारतात ते १९८०च्या दशकात प्रयोगासाठी आणलं गेलं, आणि तमिळनाडूजवळ मन्नारच्या आखातात कुरुसडै बेटाजवळ ते जिवंत प्रवाळावर पसरलेलं सापडलं. आपल्याकडे सिंधुदुर्ग किल्ल्याच्या आसपास प्रवाळ आहे, मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे. त्या भागात हे शेवाळ आणू नये, कितीही अनुदान असलं तरी. जिथं प्रवाळ जवळ आहे तिथं इथलंच ग्रासिलारिया लावून बघावं, त्यातून अगर नावाचा जेलीसारखा पदार्थ निघतो. वाढ कमी असेल, चालेल.

रीफला पण असाच एक धडा आहे. फ्लोरिडाला १९७०च्या दशकात जवळपास २० लाख जुने टायर रीफ म्हणून समुद्रात टाकले, बांधलेले दोर तुटले, टायर सरकत जाऊन खऱ्या प्रवाळावर आदळत राहिले आणि अजून काढतायत. आपल्याकडे कोणी टायर सुचवलं तर सरळ नाही म्हणा. काँक्रीट, दगड, नीट साफ केलेली बोट, एवढंच. सिंधुदुर्गात निवतीजवळ आयएनएस गुलदार हे नौदलाचं निवृत्त जहाज पाण्याखाली ठेवायचं ठरलं, पण ते पर्यटनाचं आणि सरकारी खर्चाचं काम आहे, त्याच्यावरून गावच्या रीफचा अंदाज बांधू नका.

पैसे. २०२० च्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत एका तराफ्याचा खर्च १५०० रुपये धरलेला, त्यात महिलांना ६० टक्के अनुदान होतं. बांबू, दोर, नांगर यांचे आजचे भाव मात्र स्वतः बाजारात जाऊन काढा. रीफ एका जागेला ३० लाखांच्या घरात जाते, ते बचत गटाचं काम नव्हेच. आणि खरा फरक इथं आहे: तराफ्याचा पैसा ज्यानं बांधला त्याच्या घरात येतो. रीफचा फायदा माशांतून येतो, एक-दोन वर्षांनी, आणि जो कोणी तिथं गळ टाकेल त्याला मिळतो. ट्रॉलरचं जाळं ठोकळ्यात अडकतं म्हणून ट्रॉलर लांब राहतो, हा गळवाल्या छोट्या होडीवाल्यांचा मोठा फायदा, मला रीफ आवडते ती ह्याच्यासाठी. पण बाहेरची बोट येऊन मासे नेऊ लागली तर कोण बोलणार हे सोसायटीनं आधी कागदावर घ्यायला हवं.

मी बैठकीत सांगितलं ते असं. रीफची मागणी सोसायटीनं करावी, माशांसाठी म्हणून करावी, आणि अर्जातून शेवाळाच्या उत्पन्नाचा रकाना काढून टाकावा. गटानं तराफे करावेत, पण पहिल्या हंगामात तीनच, तीन वेगवेगळ्या जागी: एक खाडीच्या तोंडापासून लांब, एक बंदराच्या आडोशाला, एक खडपाच्या मागे. दर आठवड्याला एकच दोरी काढून वजन करायचं आणि वहीत लिहायचं. रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे, वही घेऊन तिथं जाऊन बसायचं. होड्या रात्री ज्या वाटेनं येतात ती वाट सोडून तराफा टाकायचा आणि त्याला दिवा लावायचा, ह्याच्यावर तर दोन्ही बाजूंचं लगेच एकमत झालं.

गटातल्या दोघींनी झाकण रंगवून घेतलंय. पहिली मोजणी परवा झाली, बंदराच्या आडोशाला दोन मीटर आणि खडपाच्या मागे साडेतीन.