हिवाळ्यात तिबेटी जेवण आणि खरेदी: ल्हासा की मॅक्लिओडगंज?

गर्दी ओसरल्यावर, थंडीत, तिबेटी खाणं आणि हस्तकला यांसाठी जायचं असेल तर मुख्य पर्याय दोन: खुद्द ल्हासा किंवा धरमशालेच्या डोक्यावरचं, निर्वासित तिबेटींचं मॅक्लिओडगंज. माझं मत असं की जेवणासाठी ल्हासा सरस आणि खरेदीसाठी मॅक्लिओडगंज.

ल्हासात हिवाळा पर्यटकांसाठी मंदीचा, पण तिबेटी लोकांचा स्वतःचा हंगाम. शेताची, गुरांची कामं आवरली की लांबलांबून यात्रेकरू जोखांग मंदिराला येतात आणि मंदिराभोवतीचा बारखोर हा प्रदक्षिणामार्ग दंडवत घालणाऱ्यांनी भरून जातो. साहजिकच चहाघरंही गच्च असतात. बाकावर दाटीवाटीनं बसायचं, सुटे पैसे टेबलावर ठेवायचे. थर्मास घेतलेली बाई येते, पेला भरते, त्यातले आपले पैसे उचलते आणि पुढे जाते. हा दुधाचा गोड चहा आपल्याला पहिल्याच घोटाला आवडतो. लोणी-मिठाच्या चहाला वेळ लागतो. तो कढणासारखा घ्यावा, म्हणजे बरा जातो. त्याच चहात त्सांपा, म्हणजे भाजलेल्या जवाचं पीठ, कालवतात. एका हातानं वाडगं फिरवत, दुसऱ्या हाताच्या बोटांनी कडेचं पीठ आत ओढत राहायचं, घट्ट गोळा होईपर्यंत. मॅक्लिओडगंजच्या मेन्यूकार्डावर हे सहसा नसतं.

मात्र शाकाहारी असाल तर ल्हासात जपून. थुक्प्याचा, म्हणजे नूडल्सच्या सूपचा, रस्सा बहुधा याकच्या हाडांचा असतो, भाजी वरून घातली तरी. मॅक्लिओडगंजला ही चिंता नाही. भाज्यांचे मोमो, वाफवलेला पावासारखा तिंगमो, हातानं तोडलेल्या कणकेच्या तुकड्यांचा थेंथुक आणि तिखट, थंडगार, जेलीसारख्या पट्ट्यांचं लाफिंग सहज मिळतं.

खर्चाचं गणित वेगळं आहे. थंडीत ल्हासात हॉटेलं स्वस्त होतात, पण परदेशी प्रवाशाला परमिट लागतं, ते एजन्सीमार्फतच मिळतं आणि गाइडही घ्यावाच लागतो. हा खर्च ऑफ-सीझनमध्येही टळत नाही. शिवाय ल्हासा सुमारे ३,६५० मीटरवर आहे. पहिले दोन दिवस धावपळ नकोच. मॅक्लिओडगंज साधारण २,००० मीटरवर, पठाणकोटपर्यंत रेल्वेनं गाठता येणारं.

आता खरेदी. बारखोरच्या दुकानांत डोळे दिपतात, पण बराच माल कारखान्यातला. मॅक्लिओडगंजच्या रस्त्यावरचे स्टॉलही याला अपवाद नाहीत. फरक असा की तिथून खाली, सिद्धपूरला, नोरबुलिंका संस्था आहे. तिथे थांका, म्हणजे कापडावरची बौद्ध चित्रं, रंगवणारे, लाकूड कोरणारे कारागीर काम करताना दिसतात. रविवार टाळा, कार्यशाळेला सुट्टी असते. ते पाहिलं की बाजारातल्या थांक्याकडे बघायची नजर येते. भिंगातून डोळ्यांची, भुवयांची रेघ पाहा: छापील चित्रात ठिपके दिसतात, हातानं काढलेल्या रेघेत कुंचल्याचा दाब कमीजास्त झालेला कळतो. हातचा थांका महाग असतो आणि असायलाच हवा, कारण त्यात महिन्यांची मेहनत असते. परवडत नसेल तर स्वस्त थांका शोधू नका, प्रार्थनेच्या पताका घ्या. 'प्राचीन' म्हणून विकले जाणारे झी मणी (नक्षीदार अकीकाचे) आणि ढीगभर मांडलेला फिरोजा मी तरी दोन्हीकडे सोडून देईन. नादवाट्या (वाजवायचे धातूचे वाडगे, 'सिंगिंग बोल') बहुतेक नेपाळच्या असतात; आवाज आवडला तर जरूर घ्या, पण तिबेटी म्हणून जास्त पैसे मोजू नका.

ल्हासाहून आणावा तो जवळच्या न्येमो भागातला धूप. पाणचक्कीवर झाडाचं लाकूड दळून, त्यात औषधी वनस्पती घालून तो वळतात. आत बांबूची काडी नसते. तिथला हातकागदही सुरेख. विषारी मुळांपासून होत असल्यानं त्याला कसर लागत नाही.

तारखा मात्र नीट जमवा. ल्हासाचं परमिट बहुतेक वर्षी फेब्रुवारीअखेरपासून मार्चअखेरपर्यंत बंद असतं, म्हणून तिथे डिसेंबर-जानेवारीच बरा. मॅक्लिओडगंजचं उलट. आपल्या शहरांत थंडीत स्वेटर विकायला येणारी तिबेटी कुटुंबं लोसारच्या, म्हणजे नववर्षाच्या, सुमारास वस्त्यांमध्ये परततात. लोसार फेब्रुवारी-मार्चमध्ये येतो. त्याआधी खाप्से, म्हणजे तळलेली बिस्किटं, केले जातात आणि वर्ष संपताना गुथुक हे सूप शिजतं. त्यातल्या कणकेच्या मोठ्या गोळ्यांत मिरची, कोळसा, लोकर दडवलेली असते. कुणाला काय निघतं त्यावरून स्वभाव ठरतो. लोसारचे पहिले तीन दिवस दुकानं बंद राहतात. म्हणून आठवडाभर आधी पोचा आणि खरेदी आधी उरका.