फुकटच्या गूगल प्रोफाइलपायी १२,७५५ रुपये ८२ पैसे गेले. ‘व्हेरिफिकेशन’चा फोन आला तर आधी हे वाचा

गूगल मॅप्सवर व्यवसायाची नोंद करायला एक पैसाही लागत नाही. २०१४ साली ही सोय ‘गूगल माय बिझनेस’ या नावाने सुरू झाली, २०२१ मध्ये तिचं नाव ‘गूगल बिझनेस प्रोफाइल’ झालं. नोंदणी, व्हेरिफिकेशन (म्हणजे व्यवसाय आपलाच आहे हे सिद्ध करणं), फोटो टाकणं, रिव्ह्यूंना उत्तर देणं, सगळं मोफत होतं आणि आजही मोफत आहे. त्याच मोफत गोष्टीसाठी आमच्याकडून १२,७५५ रुपये ८२ पैसे उकळले गेले. हिशेब असा: ‘लाइफटाइम व्हेरिफिकेशन’चे ४,९९९ आणि त्यावर १८ टक्के जीएसटी ८९९.८२. ‘व्हिडिओ स्लॉट’चे २,००० आणि जीएसटी ३६०. शिवाय ऑटोपेचे, म्हणजे खात्यातून आपोआप कापले जाणारे, १,४९९ रुपयांचे तीन हप्ते. पैसे गेल्याचा संताप आहेच. पण प्रोफाइलची मालकी गेली, त्याचा संताप त्याहून जास्त आहे, कारण पैसे पुन्हा मिळवता येतात, वर्षानुवर्षं जमलेले रिव्ह्यू आणि गिऱ्हाइकांचे फोन दुसऱ्याच्या हातात गेले की धंदाच थांबतो.

घाई करायची, भीती घालायची, ‘आजची शेवटची तारीख’ म्हणायचं, ही पद्धत सगळ्यांना माहीत आहे. आम्हालाही होती. तरी ‘गूगलकडून’ म्हणून आलेला फोन खरा वाटला, कारण बोलणाऱ्याने व्यवसायाचं नाव, पत्ता, उघडण्याची वेळ, कोणता फोटो जुना आहे, इतकं सगळं अचूक सांगितलं. वर म्हणाला, “सर, तुमची लिस्टिंग कायमची बंद दाखवायला लागली आहे, स्वतः बघा.” बघितलं तर खरंच तसं दाखवत होतं. आता डोळ्यांसमोर पुरावा असताना माणूस कशावर संशय घेणार?

हा पुरावा कसा तयार होतो ते समजून घ्या. मॅप्सवर अनेक व्यवसायांची नोंद आपण न करताही असते. कोणीतरी ठिकाण टाकतं, गिऱ्हाईक फोटो चढवतं. अशा बिनमालकाच्या नोंदीखाली ‘या व्यवसायाचे मालक आहात का’ असा दुवा येतो आणि तो साऱ्या जगाला दिसतो. चोरांची यादी तिथूनच बनते. नाव, पत्ता, नंबर, वेळा, सगळं पानावर उघडं असतं, कुठून माहिती फुटायची गरजच नाही. आणि ‘बदल सुचवा’ हे बटण तर कोणालाही दाबता येतं. दोन-चार खात्यांवरून ‘हे ठिकाण कायमचं बंद झालं’ असं सुचवलं की तो बदल दिसायला लागू शकतो. म्हणजे आग लावणारा तोच आणि पाण्याची बादली विकायला येणाराही तोच.

गूगलकडून वेळा विचारणारे यांत्रिक फोन कधीकधी येतात, हे खरं आहे. पण नोंदीसाठी पैसे मागणारा फोन गूगलचा नसतोच. शिवाय आलेला फोन साध्या दहा आकडी मोबाइलवरून होता. जाहिरातीचे, विक्रीचे फोन १४० ने सुरू होणाऱ्या नंबरवरून करावेत असा दूरसंचार नियामक ‘ट्राय’चा नियम आहे.

आता ज्या क्षणी कळायला हवं होतं, तो क्षण. तो आठवला की अजून डोकं फिरतं. “तुमच्या नंबरवर गूगलचा कोड येईल, तेवढा सांगा,” असं तो म्हणाला. कोड आला. तो खरोखर गूगलकडूनच आला होता, आणि घोळ नेमका तिथेच झाला! मेसेज खोटा असता तर कळलं असतं. मेसेज खरा, पाठवणारा खरा, फक्त मागवणारा चोर. त्याने त्याच्या स्वतःच्या जीमेल खात्यातून आमच्या नोंदीवर मालकीचा दावा लावला होता आणि ती मालकी सिद्ध करणारा कोड नोंदीतल्या नंबरवर, म्हणजे आमच्या फोनवर आला. आमच्यासमोर कोड टाकायची चौकट कुठेच उघडलेली नव्हती. एवढ्या एका गोष्टीवरून ओळखता येतं. कोड आला आणि तो टाकायची जागा आपल्या स्क्रीनवर नसेल, तर तो कोड दुसऱ्याच्या कामाचा आहे. तोंडाने सांगितलेल्या त्या आकड्यांनी तो ‘प्रायमरी ओनर’, म्हणजे मुख्य मालक झाला आणि आम्ही आमच्याच व्यवसायाचे कोणी उरलो नाही. व्हॉट्सॲपचा सहा आकडी कोड मागून खातं पळवतात तेही याच रीतीने. तिथे ‘टू-स्टेप व्हेरिफिकेशन’चा पिन आजच लावून टाका.

पैसे भरतानाही एक खूण होती. यूपीआयमध्ये पिन टाकण्याआधी खातेदाराचं बँकेतलं नाव दिसतं. तिथे कंपनीचं नाव नव्हतं, एका माणसाचं नाव होतं. विचारलं तर ‘अकाउंट्स विभागाचे साहेब’ असं उत्तर मिळालं. बिल मात्र झकास आलं: लोगो, शिक्का, पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक. जीएसटीच्या संकेतस्थळावर ‘सर्च टॅक्सपेयर’मध्ये तो क्रमांक टाकायला लॉगिनही लागत नाही. टाकून पाहिला तेव्हा तो भलत्याच नावावर आणि रद्द झालेला निघाला. पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन. बिलावरचा पत्ता एका राज्यातला आणि सुरुवातीचे आकडे दुसऱ्याच राज्याचे असतील, तर पैसे पाठवायच्या आधी जाब विचारा.

‘व्हिडिओ स्लॉट’ नावाची विकत घ्यायची वस्तू अस्तित्वातच नाही. व्हिडिओ व्हेरिफिकेशन आपलं आपण करायचं असतं. मोबाइलवरून, न तोडता, एका दमात चित्रण करायचं. आधी आजूबाजूचा रस्ता किंवा ओळखू येणारी खूण, मग पाटी, मग आतली साधनं किंवा माल, आणि शेवटी आपण चालक आहोत याचा पुरावा, जसं स्वतःच्या किल्लीने कुलूप उघडणं. गिऱ्हाइकाच्या घरी जाऊन काम करणाऱ्यांनी हत्यारं, नाव लिहिलेली गाडी दाखवावी आणि पत्ता लपवून फक्त ज्या परिसरात सेवा देतो तो परिसर भरावा. तपासणीला साधारण पाच कामकाजाचे दिवस लागतात. व्हिडिओ नाकारला जाऊ शकतो तो पाटीवरचं नाव आणि प्रोफाइलमधलं नाव जुळत नाही म्हणून, किंवा चित्रण मध्येच तोडल्यामुळे. पुन्हा करायचा. त्यालाही पैसे नाहीत.

ऑटोपेचा डाव सर्वांत नीच. “एक रुपया भरा, खातं तपासायला, लगेच परत येईल.” एक रुपया खरंच परत आला. पण पिन दिला गेला तो एक रुपयासाठी नव्हे, दरमहा १,४९९ पर्यंत कापण्याच्या परवानगीसाठी. अशा मंजुरीनंतर १५,००० रुपयांपर्यंतच्या हप्त्याला दर वेळी पिन लागत नाही. कापण्याआधी २४ तास सूचना येते, तीही अनोळखी व्यापारी नावाने, दिवसभराच्या पन्नास मेसेजच्या गर्दीत. यूपीआय ॲपमध्ये ‘ऑटोपे’ किंवा ‘मँडेट’ असा भाग असतो. तो आत्ता उघडा आणि ओळखीचं नसेल ते रद्द करा. पैसे परत मागत बसण्याआधी हे करा, नाहीतर भांडण चालू असतानाच पुढचा हप्ता जातो.

मालकी हातात आल्यावर त्याने प्रोफाइलवरचा फोन नंबर बदलला. गिऱ्हाइकं आमचं नाव बघून फोन करत होती आणि उचलत होतं दुसरंच कोणी. व्यवसायाच्या नावात ‘बेस्ट’, ‘नंबर १’, ‘स्वस्त’ असले शब्द कोंबले. पाटीवर नसलेले शब्द नावात घालणं नियमाबाहेर आहे आणि त्यावरून प्रोफाइल निलंबित होऊ शकते. मग मागणी आली: ॲक्सेस परत हवा असेल तर १५,००० रुपये. ते दिले नाहीत आणि कोणी देऊही नयेत. देणाऱ्याकडे पुन्हा मागतात.

मालकी परत मागायचा रस्ताही फुकट आहे. प्रोफाइलवर दावा लावताना ‘रिक्वेस्ट ॲक्सेस’चा पर्याय येतो. सध्याच्या मालकाला उत्तर द्यायला ३ दिवस मिळतात. तो गप्प राहिला तर बहुधा आपल्याला व्हेरिफिकेशन करून ताबा घ्यायची वाट मिळते. त्याने नकार दिला तर अपील करायचं. तिथे दुकान परवाना, वीजबिल, पाटीचा फोटो असं नाव-पत्ता जुळणारं काहीतरी लागतं, म्हणून कागदांवर नावाचं स्पेलिंग एकच ठेवा. वैतागून त्याच पत्त्यावर दुसरी प्रोफाइल उघडू नका. एका व्यवसायाला एकच प्रोफाइल असा नियम आहे, दुसरी उघडली की दोन्ही अडकायची भीती. ताबा परत मिळाला की जुने रिव्ह्यू त्याच प्रोफाइलवर राहतात.

आता यंत्रणेबद्दल. बँकेत गेलं की पहिलं वाक्य: “पिन तुम्हीच टाकला ना?” रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक ग्राहकाला संरक्षण देतं, पण ते त्याच्या परवानगीशिवाय झालेल्या व्यवहारांना. फसवून घेतलेली परवानगी ही परवानगीच, असं म्हणून काउंटरवरून हात झटकले जातात. एक रुपया सांगून १,४९९ चा हप्ता बांधला, ही परवानगी कशी? यावर उत्तर नाही, फक्त ‘मेल करा’. मेल केला की ठरावीक मजकुराचं उत्तर. पोलीस ठाण्यात त्याहून वाईट. “रक्कम लहान आहे.” “अहो, हा दिवाणी मामला आहे, सेवेचे पैसे दिलेत तुम्ही.” “खातं दुसऱ्या राज्यातलं आहे, आमची हद्द नाही.” रक्कम लहान म्हणून गुन्हा लहान होतो का? असे हजार छोटे धंदेवाले लुटायचे आणि प्रत्येकाची रक्कम लहान ठेवायची, हाच तर चोरांचा हिशेब आहे, आणि तो हिशेब बरोबर ठरवायचं काम टेबलामागे बसून चाललं आहे. तक्रार लिहून घेण्याऐवजी ‘एवढे शिकलेले असून’ हे ऐकवतात. शिक्षणाचा इथे काय संबंध? कोड गूगलचाच होता, ॲप खरं होतं, बिलावर जीएसटी होता.

हद्दीचं कारण कायद्यात बसत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ नुसार गुन्हा कुठेही घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते. ठाण्याने नकार दिला तर त्याच कलमाखाली पोलीस अधीक्षकांना लेखी कळवता येतं, आणि तिथेही काही झालं नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं. कलमं तोंडी सांगू नका, अर्जात लिहा: भारतीय न्याय संहिता कलम ३१८(४) फसवणुकीसाठी, माहिती तंत्रज्ञान कायदा कलम ६६ड तोतयेगिरी करून संगणकामार्फत फसवल्याबद्दल. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घेतल्याशिवाय उठू नका.

पण ठाण्याच्याही आधी १९३०, म्हणजे सायबर फसवणुकीची हेल्पलाइन. पैसे गेल्याचं कळताच, पहिल्या तासाभरात. पुढच्या खात्यातून रक्कम निघाली नसेल तर ती गोठवता येते, निघाली की मागे धावणं. फोनवर १२ आकडी यूपीआय व्यवहार क्रमांक, वेळ, रक्कम आणि आपल्या बँकेचं नाव विचारतात, ते समोर ठेवा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार नोंदवून पोच क्रमांक जपा. पैसे अजून गेलेले नसतील, नुसता फोन आला असेल, तर संचार साथी पोर्टलवरच्या ‘चक्षू’मध्ये तो नंबर टाका. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, तीही विनाशुल्क. तिथे बँकेला आधी केलेली लेखी तक्रार जोडावी लागते, म्हणून तोंडी भांडण्यात वेळ घालवू नका.

याच लोकांचा दुसरा माल म्हणजे ‘सोबत १०,००० फॉलोअर्स फ्री’. घेऊ नका. इन्स्टाग्रामचं प्रोफेशनल खातं फुकट आहे आणि त्यातल्या ‘इनसाइट्स’मध्ये फॉलोअर्स कोणत्या शहरांतले ते दिसतं. विकत आलेली गर्दी भलत्याच देशांतली निघते, ती ना पोस्ट बघते ना काही विकत घेते, आणि ती एकेक करून काढत बसावी लागते. ‘गूगलच्या पहिल्या पानाची गॅरंटी’ हीसुद्धा थाप. मॅप्सवरचा क्रम शोधाशी जुळणी, अंतर आणि ठळकपणा यांवर ठरतो, आणि अंतर कोणालाही विकता येत नाही. गूगल प्रोफाइलसोबत मोफत वेबसाइट देतं असं सांगणाऱ्याला तिथेच थांबवा. ती सोय मार्च २०२४ मध्ये बंद झाली. ‘कॉपीराइट उल्लंघन, २४ तासांत पेज बंद’ असा मेल आला तर त्यातला दुवा न उघडता इन्स्टाग्रामच्या सेटिंग्जमधला ‘रिसेंट ईमेल्स’ भाग बघा. खरा मेल तिथे दिसतो, खोटा दिसत नाही.

ज्यांची प्रोफाइल आधीच कोणी ओळखीच्याने, भाच्याने किंवा एजन्सीने बनवून दिली आहे, त्यांनी आज स्वतःच्या जीमेलने लॉगिन करून गूगलवर व्यवसायाचं नाव शोधावं, तीन टिंबांमधून ‘बिझनेस प्रोफाइल सेटिंग्ज’ आणि पुढे ‘पीपल अँड ॲक्सेस’ उघडावं. ‘प्रायमरी ओनर’समोर तुमचा ईमेल नसेल तर तो आता बदलून घ्या, संबंध चांगले असतानाच. नवा मालक नेमल्यावर त्याला पहिले ७ दिवस इतरांना काढता येत नाही किंवा मुख्य मालकी फिरवता येत नाही, तेवढी वाट बघा. काम करणाऱ्याला ‘मॅनेजर’ ठेवा. फोटो, पोस्ट, रिव्ह्यूंना उत्तरं हे सगळं त्याला तेवढ्यावर करता येतं. फेसबुक पेजलाही पासवर्ड कोणाला द्यायचा नसतो, बिझनेस पोर्टफोलिओतून ‘पार्टनर’ म्हणून ॲक्सेस देता येतो आणि हवा तेव्हा काढता येतो. जाहिरात खात्यावर तुमचं कार्ड जोडलेलं असेल तर खर्चाची मर्यादा, म्हणजे ‘अकाउंट स्पेंडिंग लिमिट’, कार्ड जोडतानाच लावा.